ग्रेडरभाऊंचं युकुलेले

माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात गुणवंतराव गावंडे यांनी नवरदेवाच्या पाठीमागचा लोड उसवला. उसवला म्हणजे अगदी फाडला नाही. शिवण जरा सुटली होती, तिथे त्यांनी बोट घातलं, चिमूटभर कापूस बाहेर ओढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणून पाहिला, खिडकीच्या उजेडात नेला आणि मुलाच्या वडिलांना सगळ्यांसमोर म्हणाले, "फरदड हाये हा. पाव्हण्यायले फरदडीवर टेकवता काय?"

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडं उभी ठेवून काढलेला, कस गेलेला कापूस. मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला. साखरपुडा मोडला नाही एवढंच. मेहुणीच्या सासरी मला अजूनही 'लोडवाल्याचे शेजारी' म्हणून ओळखतात.

गुणवंतराव माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. महागावात माझी पिठाची चक्की आहे. चक्कीच्या मागची भिंत तीच त्यांच्या बैठकीची भिंत. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते, म्हणजे शेतकऱ्याची गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, धागा ओढून पाहायचा आणि मालाचा दर्जा सांगायचा. नोकरी संपली, पण हात थांबला नाही. गावाने त्यांना ग्रेडरभाऊ हे नाव दिलं ते कायमचं. त्यांच्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर 'गुणवंतराव' वाचून लोकांनी मला विचारलं होतं, हे कोण?

त्यांचा आवडता शब्द एफएक्यू. सरकारी भाषेत याचा अर्थ बऱ्यापैकी, चालण्याजोगा माल. ग्रेडरभाऊंच्या तोंडी ती जगाची किमान पात्रता होती. चहा एफएक्यू. पोहे एफएक्यूच्या खाली. साहेबांचं भाषण एफएक्यू, पण काडीकचरा जास्त. माझं पीठ ते तळहातावर घेऊन नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "पीठ ठीक हाये विलास, पण ओलावा जास्त हाये." ओलावा हा त्यांचा जन्माचा वैरी. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे कैक लोक त्यांनी गाडीसकट परत पाठवले होते. मयतीलाही ते दर्जा सांगायचे. आमचे मास्तर गेले तेव्हा सगळे रडत असताना हे डोळे पुसून म्हणाले, "माणूस पहिल्या वेचणीचा होता."

असल्या माणसाला मित्र कुठून असणार? केंद्रावर असताना ते कोणाच्या घरचा चहा घेत नसत आणि निवृत्तीनंतर त्यांना कोणी चहाला बोलावत नसे. सुमनवहिनी होत्या तोवर हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. वहिनींच्या अंगणात बायापोरींची ये-जा असायची, आणि त्या गर्दीत ग्रेडरभाऊ कोपऱ्यात बसून गव्हातले खडे निवडायचे. मागल्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. यवतमाळला दवाखान्यात नेलं, परत आणलं ते तसंच. त्या दिवशी ग्रेडरभाऊंनी काहीच दर्जा सांगितला नाही. मला ते फार चमत्कारिक वाटलं होतं.

या माणसाला कधी लाज वाटल्याचं मी पाहिलं नव्हतं. डॉक्टरच्या तोंडावर त्याच्या गादीचा कापूस काढून दाखवणारा माणूस तो! पण वहिनींच्या मागे त्यांच्या घरात एक वस्तू आली आणि ग्रेडरभाऊ लाजेने अर्धे झाले. ती वस्तू म्हणजे युकुलेले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हे गिटारचं शेंडेफळ. चार तारा, दळणाच्या पिशवीत मावेल एवढी उंची. हे साधंसुधं दुकानातलं नव्हतं. कोकणातल्या एका वाद्य घडवणाऱ्या कारागिराकडून माप देऊन, हाताने बनवून घेतलेलं होतं. आपल्याकडे हे आहे हे कोणाला कळू नये आणि ते वाजवलेलं कोणाच्या कानी पडू नये, यासाठी ग्रेडरभाऊंनी जे काही केलं, ते ऐकाल तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

पेटी कुरिअरने आली तेव्हा आमच्या चक्कीवर रुख्माबाई दळणाला बसल्या होत्या. रुख्माबाई म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र.

"काय आलं जी ग्रेडरभाऊ?" त्यांनी विचारलं.

"बीपीचं मशीन," ग्रेडरभाऊ म्हणाले आणि पेटी छातीशी धरून आत पळाले.

"एवढं मोठं बीपी?" रुख्माबाई मला म्हणाल्या.

पुढे कोणी विचारलं की ते फवारणीचा पंप सांगायचे. शेत तर त्यांनी कधीच विकलं होतं. एकाला त्यांनी शिलाई मशीन सांगितलं, तर त्याची बायको ब्लाउज घेऊन दारात उभी. ज्याने आयुष्यभर लोकांचं खोटं पकडलं त्याला स्वतःला धड खोटं बोलता येत नव्हतं.

मग त्यांनी माझ्यामागे नवीनच टुमणं लावलं. रोज सकाळी चक्कीच्या दारात येऊन उभे. "विलास, चालू केव्हा करशील?"

मला वाटलं दळण असेल. एकट्या माणसाला दळण ते किती? पण आधी एक वाटी ज्वारी आली, मग मूठभर हरभऱ्याची डाळ. एकदा तर दळायला पोहे घेऊन आले. मी चक्की सुरू केली की दळण तिथेच सोडून घरात धूम. दार बंद, खिडकी बंद. मी वैतागलो. मी तसा तापट माणूस आहे, चक्कीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे मला हळू बोलता येत नाही आणि लोकांना वाटतं मी कायम भांडतो. त्या वेळी मात्र खरंच भांडलो. म्हणालो, "भाऊ, पोहे काय दळायचे असतात काय? कायले माही चक्की चिकट करता?"

"चालू राहू दे थोडा वेळ," ते खाली मान घालून म्हणाले. "आवाज बरा वाटते."

एवढ्या वर्षांत माझ्या चक्कीच्या आवाजाला बरं म्हणणारा हा पहिला माणूस. मला उगाच भरून आलं आणि मी पोहे दळून दिले.

उन्हाळा आला. आमच्या इकडचा मे महिना म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. नळ कधी येईल याचा नेम नाही, टँकरमागे घागरी घेऊन धावायचं, आणि असल्या दिवसांत ग्रेडरभाऊ कूलरमध्ये बादलीमागून बादली ओतत होते. बरं, कूलरपुढे स्वतः बसावं? तेही नाही. बैठकीत कूलर भणभण चालू, दार ओढून घेतलेलं, आणि हे बाहेर ओट्यावर बनियनवर, वर्तमानपत्राने वारा घेत घाम गाळत बसलेले.

"आत कोण हाये भाऊ?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"मंग कूलर कोणाले लावला?"

ते बराच वेळ वर्तमानपत्र हलवत राहिले. मग म्हणाले, "हवेत ओलावा राह्यला पायजे." एवढं बोलून स्वतःच दचकले, कारण ओलाव्याच्या बाजूने बोलण्याची त्यांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. मला पुढे कळलं, कोकणातल्या दमट हवेत बनलेलं ते लाकूड आमच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकेल, त्याला ओलाव्यात ठेवा, असं कारागिराने बजावलं होतं. ज्यांनी लोकांच्या गाड्या ओलाव्यापायी परत पाठवल्या तेच आता घरात ओले पंचे वाळत घालत होते, म्हणजे वाळू नयेत म्हणून पुन्हा भिजवत होते. गल्लीत चर्चा सुरू झाली की ग्रेडरभाऊंनी आत अळंबीची शेती केली आहे.

भांडं फुटलं ते वीज मंडळाच्या कृपेने. सकाळची वेळ, चक्की भरात, रुख्माबाई आणि चारपाच जणी पिशव्या घेऊन बसलेल्या. अचानक लाईट गेली. पट्टा गचके खाऊन थांबला आणि सगळीकडे शांतता पसरली. त्या शांततेत भिंतीपलीकडून आवाज आला. टुंग, टुंग. मग थांबून पुन्हा टुंग. त्याच्या जोडीला एक जाडाभरडा आवाज काहीतरी गुणगुणत होता. ते गुणगुणणं पुढे जाऊन एका जागी अडलं आणि एकदम बंद झालं. लाईट गेल्याचं पलीकडेही कळलं होतं.

"कोणाचा मोबाईल वाजून राह्यला?" रुख्माबाई म्हणाल्या.

ग्रेडरभाऊ दारात आले. चेहरा लालभडक. कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "मोबाईल होता."

"पण मोबाईल तं अटकत अटकत गात होता," रुख्माबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत महागावात कळलं की ग्रेडरभाऊ म्हातारपणी बाजा शिकून राह्यले. पानठेल्यावर त्यांना पाहून कोणीतरी हवेत तारा छेडल्या. एका जुन्या शेतकऱ्याने, ज्याची गाडी त्यांनी कधीकाळी परत पाठवली होती, भर बाजारात विचारलं, "भाऊ, तुमचा सूर एफएक्यूमधी बसते का?" लोक खो खो हसले. ग्रेडरभाऊ हसले नाहीत, चिडलेही नाहीत. घरी आले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चक्की केव्हा सुरू करशील हे विचारायला कोणी आलं नाही. कूलरचा आवाजही बंद झाला.

मला करमेना. मी भिंतीवर थाप मारून ओरडायचो, "भाऊ, चालू करून राह्यलो!" दळण नसताना चक्की रिकामी चालवता येत नाही, दगड एकमेकांना खातात, म्हणून मी म्हशीच्या भरड्याचा मका राखून ठेवू लागलो आणि सकाळी तो घालून चक्की चालवायचो. मका संपला की बंद करून भिंतीला कान लावायचो. पलीकडे काही नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या घरी गेलो, दार ढकललं आणि म्हणालो, "कूलर बंद काहून केला? हवेत ओलावा नाही पायजे आता?"

ग्रेडरभाऊ चटईवर बसले होते. युकुलेले समोर उघड्या पेटीत. मला पाहताच त्यांनी त्यावर पंचा टाकला, जसं काही ते उघडं सापडलं होतं.

"पाहू द्या नं भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी पंचा काढला. मला वाद्यातलं ओ की ठो कळत नाही, पण वस्तू पाहून मी जवळ सरकलो. फणसाचं पिवळं लाकूड, हळदीच्या पाण्याने धुतल्यासारखं. सांधा कुठे दिसेना. हात लावायला माझे पिठाचे हात पुढे होईनात.

"तिच्यासाठी होतं," ते म्हणाले.

"वहिनीसाठी?" मी विचारलं. माझ्या आवाजात विचारलं म्हणजे अर्ध्या गल्लीने ऐकलं असणार. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी तोंडावर हात धरून खाली बसलो.

मग त्यांनी सांगितलं. सुमनवहिनींनी मोबाईलवर एका मुलीला हे वाद्य वाजवताना पाहिलं होतं. केवढंसं आहे, म्हणाल्या, माझ्या हातात मावेल, भुलाबाईच्या गाण्यांना बरं लागेल. जन्मात नवऱ्याकडे त्यांनी हौसेने मागितलेली ही पहिली वस्तू. ग्रेडरभाऊ दुसऱ्याच दिवशी यवतमाळच्या दुकानात गेले.

"होतं तिथी," ते म्हणाले. "लाल रंगाचं होतं. मी उलटंपालटं करून पाह्यलं. लाकूडच नव्हतं त्याचं धड. परत आलो. मंग नागपूरले गेलतो, तिले घेऊन गेलतो. तिथलं तिले आवडलं. पण तारेपाशी गोंद दिसून राह्यला होता. मी म्हटलं, एफएक्यूच्या खाली हाये. ती म्हणे, असू द्या नं, गोंद का माह्या गाण्यात येते?"

"मंग?"

"मंग काय. नाही घेतलं."

मग कुठून कुठून चौकशी करून त्यांनी कोकणातला कारागीर शोधला. याचं काम एक नंबर, असं त्यांना पहिल्याच बोलण्यात पटलं, कारण यांनी हौसेने पाठवलेली आपल्या भागातली सागाची फळी त्याने 'वाद्याला चालणार नाही' म्हणून परत पाठवली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ग्रेडरभाऊंचा माल नापास केला आणि ते खूश झाले. धागा मोजायची पट्टी घेऊन त्यांनी वहिनींच्या बोटांची मापं घेतली. वहिनी हसत होत्या म्हणे, माहा कापूस घेऊन राह्यले का तुमी? कारागिराकडे आधीची कामं होती, त्यात वेळ गेला. नंतर त्याने लाकडाचा फोटो पाठवला, तर त्यावर यांना एक काळा ठिपका दिसला.

"तो म्हणे, काका, झाडाची गाठ आहे ती, आवाजाला काही होत नाही. मी म्हटलं, बदल. त्यानं बदललं. त्यात अजून वेळ गेला." ते थांबले. पंच्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पाऊस लागला अन् ती गेली. पेटी आली दिवाळी झाल्यावर."

मी पेटीतल्या त्या पिवळ्या लाकडाकडे पाहत बसलो.

"त्या लाल बाज्यावर तिनं त्याच सायंकाळी वाजवलं असतं, विलास. वर्षभर वाजवलं असतं. मी ग्रेड पाहत बसलो."

"मंग आता तुमी वाजवता तं लाज कायची?" मी शक्य तितक्या हळू विचारलं.

त्यांनी ते हातात घेतलं. दांडी वहिनींच्या बोटांच्या मापाची, अरुंद. ग्रेडरभाऊंचं बोट म्हणजे गाजर. एक तार दाबायला गेले की दोन दबत होत्या. कारागीर म्हणाला होता, दांडी बदलून देतो. यांनी नको म्हटलं. माप तिचं आहे, म्हणाले.

"लोकं हासतात त्याची लाज नाही वाटत," ते म्हणाले. "लाज हे वाटते की वस्तू एक नंबर हाये. म्या शोधून पाह्यली, कुठीच खोट नाही. थोडी खोट असती तं बरं वाटलं असतं जीवाले."

मी घरी आलो आणि माझी बायको मंदा हिच्यावर उगाचच खेकसलो. ती म्हणाली, डोळ्यात पीठ गेलं का? मी हो म्हणालो.

भादव्याची पुनव आली. आमच्याकडे पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, रोज संध्याकाळी फेर धरून गाणी आणि शेवटी खिरापत. खिरापत सरळ मिळत नाही; झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं आणि ओळखता आलं नाही तर हरलो म्हणायचं, मगच झाकण उघडतं. आमच्या गल्लीची भुलाबाई वर्षानुवर्षं सुमनवहिनींच्या घरी बसायची. गेल्या वर्षी दुःख ताजं होतं, बसलीच नाही. यंदा काय, हा प्रश्न आम्ही मोठी माणसं टाळत होतो. पोरींनी टाळला नाही. माझी गौरी चौथीत आहे. ती सगळी पलटण घेऊन ग्रेडरभाऊंच्या दारात गेली आणि म्हणाली, "आजोबा, भुलाबाई तुमच्याकडंच बसते."

ग्रेडरभाऊंना नाही म्हणता आलं नाही. मखराला आणलेले ज्वारीचे धांडे मात्र त्यांनी हातात घेऊन मोडून पाहिले. "ओले हायेत," म्हणाले. पोरी म्हणाल्या, "चालतात, आजोबा." त्या घरात 'चालतात' हा शब्द कोणी इतक्या सहज वापरलेला मी प्रथमच ऐकला.

खिरापतीत मात्र त्यांचं काही चालेना. पहिल्या दिवशी फुटाणे आणले, पोरींनी डबा हलवायच्या आत ओळखले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटाणेच. मुरमुरे आणले तर तेही आवाजावरून गेले. गौरी म्हणाली, "आजोबा, तुम्ही फारच सोपं आणता." ग्रेडरभाऊंना ते लागलं असावं. ओट्यावर बसून ते बराच वेळ विचार करताना दिसले.

कोजागिरीला दुपारी ते चक्कीवर आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. मला वाटलं नेहमीचा प्रश्न. मी म्हणालो, "चालूच हाये भाऊ, जा तुमी."

"बंद ठेव," ते म्हणाले.

"आँ?"

"आज सायंकाळी चक्की बंद ठेव."

मी पाटी लावली नाही, कोणाला सांगितलं नाही. दिवेलागणीला खटका पाडला आणि दळणवाल्यांना उद्या या म्हणालो. रुख्माबाईंची पिशवी तशीच राहिली, त्यामुळे त्या तरातरा माझ्यामागून ग्रेडरभाऊंच्या दारापर्यंत आल्या.

आत फेर झाला होता. पोरी खिरापतीसाठी बसल्या होत्या. ग्रेडरभाऊंनी मध्यभागी एक मोठी वस्तू ठेवली होती, वरून वहिनींची निळी शाल झाकलेली. पोरी चेकाळल्या. चिवडा! शंकरपाळे! केळीचा फणा! एवढा मोठा काय असतो, टरबूज! गौरीने शालीवरून पेटी उचलून हलवली तर आतून बारीक झंकार आला, तसं तिने घाबरून ती खाली ठेवली.

"बीपीचं मशीन," दारातून रुख्माबाई म्हणाल्या. आम्ही मोठी माणसं हसलो. ग्रेडरभाऊंचे कान लाल झाले.

"हरलो, आजोबा!" पोरी ओरडल्या. "उघडा!"

ते उघडेनात. शालीवर हात ठेवून बसून राहिले. दारात आता बरीच माणसं जमली होती, त्यांत पानठेल्यावरचेही दोघे होते. ग्रेडरभाऊंनी दाराकडे पाहिलं आणि त्यांचा हात शालीवरून मागे आला. मला वाटलं, हा माणूस आता उठून आत जाणार आणि ती पेटी पुन्हा कोणाला दिसणार नाही. हळू बोलता येत नसल्याचा मला त्या दिवशी एकदाच उपयोग झाला. मी दारातल्या गर्दीवर असा काही ओरडलो की सगळे चिडीचूप झाले.

"पोट्ट्याहो, हरलो म्हणता तं उघडाच लागीन," ग्रेडरभाऊ पुटपुटले. त्यांनी शाल काढून घडी केली, पेटीची कडी उघडली आणि युकुलेले मांडीवर घेतलं. "हे तुमच्या आजीचं हाये. मले येत नाही. हासू नोका."

मग त्यांनी वाजवलं आणि पोरी गायल्या. भिंतीपलीकडून अडखळत ऐकू आलेलं गाणं हेच होतं. वाजवणं कसं होतं? वाईट होतं. एक तार दाबायची तिथे दोन दबत होत्या, आणि सूर बदलायची वेळ आली की ग्रेडरभाऊ जीभ दातांत धरून बोट शोधत बसायचे. पण पोरींनी आपोआपच एक युक्ती केली. ओळ संपली की त्या थांबायच्या, आजोबांचं बोट जागेवर पोचलं की पुढची ओळ धरायच्या. त्यामुळे गाण्यातल्या भुलाबाईला माहेरी पोचायला त्या संध्याकाळी फार वेळ लागला. कोणाला घाई नव्हती. रुख्माबाई पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या आणि दळणाचं विसरल्या होत्या.

गाणं संपलं. गौरीने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, मलेही असं पायजे."

"गप," मी म्हणालो. "खेळणं हाये काय ते?"

ग्रेडरभाऊंचा चेहरा एकदम उतरला आणि त्यांनी युकुलेले पेटीत ठेवून दिलं. कोजागिरीचं दूधही अर्धंच ठेवून आत गेले. मला पोरीचा राग आला. जिथे बोट ठेवू नये नेमकं तिथेच तिने ठेवलं होतं.

सकाळी त्यांच्या दाराला कुलूप. दुपार झाली तरी कुलूपच. रुख्माबाई चारदा डोकावून गेल्या. मी चक्की चालवत होतो, पण लक्ष रस्त्यावर. यवतमाळची गाडी आली आणि तिच्यातून ग्रेडरभाऊ उतरले, घामाघूम, हातात प्लास्टिकची मोठी पिशवी. ते थेट चक्कीत आले. मी खटका पाडला.

"गौरी कुठी हाये?"

ती शाळेतून नुकतीच आली होती. त्यांनी पिशवीतून एक लालभडक युकुलेले काढून तिच्या हातात दिलं. तिने ते पोत्यावर बसल्याबसल्या वेडंवाकडं खाजवायला सुरुवात केली. कान किटले माझे. मी ग्रेडरभाऊंकडे पाहत होतो. वाटलं, आता हे पुढे होणार, उलटं करणार, सांधा पाहणार, नखाने रंग खरवडणार. ते हात मागे बांधून उभे होते.

"लाकूड कोणतं भाऊ?" मी विचारलं.

"मले काय माहीत."

"तारेपाशी गोंद दिसते."

"असू दे."

"पाहून नाही घेतलं?"

"दुकानदार म्हणे, काका, परवा या, चांगला माल येऊन राह्यला." ग्रेडरभाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. "मी म्हटलं, परवा नाही. आजच दे."